सत्तावीस नंबरची तिसरी बाटली

विश्वंभर सरांचा फोन आला तेव्हा पुनम सेनगावजवळच्या एका अंगणवाडीत बाळाचं वजन करत होती. झोळीतलं बाळ हातपाय झाडत होतं, काटा एका जागी ठरत नव्हता, म्हणून तिनं फोन कापला. तो लगेच पुन्हा वाजला. सर असे लागोपाठ फोन करणाऱ्यांतले नव्हते. नांदेडच्या प्रयोगशाळेत दिवसभर मशीनपुढं बसणारा हा माणूस, काही विचारायचं असलं तर संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज टाकायचा.

"पुनम, सत्तावीस नंबर म्हणजे कोण?"

"मिना आडे, सर. तांड्यावरची. तीन महिन्यांची मुलगी आहे तिला."

"तिच्या तीन बाटल्या आहेत माझ्याकडं. पहिल्या दोन तिच्या आहेत. तिसरी तिची नाही."

पुनमनं बाळ आईच्या हातात दिलं आणि ती बाहेर ओट्यावर आली.

जवळा बाजारची पुनम एएनएमचा कोर्स केलेली होती आणि दीड वर्षापासून आईच्या दुधाच्या एका अभ्यासासाठी काम करत होती. सेनगाव तालुक्यातल्या एकतीस बाळंतिणी तिच्याकडं होत्या. महिन्यातून एकदा प्रत्येकीच्या घरी जायचं, बाळाचं वजन घ्यायचं, जुलाब-ताप झाला का ते लिहायचं, आणि आईच्या दुधाची एक छोटी बाटली बर्फाच्या डब्यात घालून नांदेडला पाठवायची. तिथं त्या दुधातल्या साखरा वेगळ्या काढून मोजत. बायांना ती सांगायची, दुधात नुसती गोडीची साखर नसते, शंभर-दीडशे तऱ्हांच्या गुंतागुंतीच्या साखरा असतात. त्या बाळाला पचत नाहीत. बाळाच्या पोटातल्या चांगल्या जंतूंचं ते खाणं असतं, आणि वाईट जंतू आतड्याला चिकटायला गेले की त्यातल्या काही साखरा त्यांना मधेच अडवतात. बाया ऐकून हसायच्या. 'लेकराच्या पोटातल्या किड्यांची बी सोय केली का देवानं,' असं एकीनं विचारलं होतं.

"लेबल बदललं असंल, सर," पुनम म्हणाली.

"आधी मलाही तसंच वाटलं. पण ऐक. एक साखर अशी आहे, की काही बायांच्या दुधात ती भरपूर असते आणि काहींच्या दुधात अजिबात नसते. हे रक्तगटासारखं आहे, जन्मापासून ठरलेलं. महिन्यागणिक थोडी कमी होईल, पण असलेली साफ नाहीशी होत नाही. मिनाच्या पहिल्या दोन बाटल्यांत त्या साखरेची रेघ सगळ्यांत उंच आलीय. तिसरीत त्या जागी काहीच नाही. काल तपासली, आज सकाळी परत तपासली. ही दुसऱ्या बाईची आहे." सरांनी कागद उलटल्याचा आवाज आला. "बाटली तुझ्यासमोर भरली होती ना? तशी सही आहे तुझी. तसं असेल तर घोळ माझ्याकडं झालाय. मग या खेपेच्या, बाकीच्या तालुक्यांतल्या धरून, चाळीसच्या चाळीस बाटल्या मला पुन्हा तपासाव्या लागतील."

"व्हय सर. माझ्यासमोरच," पुनम म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. सर "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

ती आत आली. पुढच्या बाळाचं वजन तिनं चुकीच्या रकान्यात लिहिलं, खोडलं, पुन्हा चुकलं. शुक्रवार तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

शुक्रवारी तिला उशीर झाला होता. डब्यातला बर्फ पाणी व्हायला लागला होता आणि अजून चार घरं राहिली होती. तांड्यावर मिनाची सासू बेबीबाई तिला अंगणातच आडवी आली. "मिना न्हाऊन राहिली. बाटली द्या इकडं, मी आणते भरून." पुनमनं बाटली दिली होती. बेबीबाईनं ती दारातूनच आत सरकवली, पाच-सात मिनिटांत आतून भरून आली, कोमट होती. तिनं झाकण पुसलं, नंबर चिकटवला, 'समक्ष घेतली' या रकान्यात सही केली आणि निघाली.

आता तिला दुसरंच आठवत होतं. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत नव्हता. मिनाचं बाळ मिनाच्या जावेच्या, चंदाच्या, पदराखाली होतं आणि चपाचप पीत होतं. चंदाचं स्वतःचं आठ महिन्यांचं पोरगं जमिनीवर रांगत होतं. घरातून एरंडाची पानं भाजल्यासारखा वास येत होता. आणि बेबीबाई सगळा वेळ दारात उभी होती. एकदाही बाजूला झाली नव्हती.

मग मिना कुठं होती?

पुनमच्या मनात नको नको ते आलं. तिनं वजनकाटा तसाच अंगणवाडीच्या ताईंच्या हवाली केला, पिशवी खांद्याला अडकवली आणि स्कूटी काढली.

तांडा तिथून चौदा किलोमीटर. सोयाबीनच्या सुगीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मळणीयंत्रांचा भुसा उडत होता, डोळ्यांत जात होता. वाटेत तिनं मिनाचा फोन लावून पाहिला. बंद होता. मिनाचा नवरा रामप्रसाद हार्वेस्टरवर ड्रायव्हर, महिनाभरापासून मध्य प्रदेशात होता. त्याचा नंबर तिच्याकडं नव्हता.

तांड्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळी माणसं शेतात. आडेंच्या घरापुढं बेबीबाई सूप घेऊन बसली होती. पुनमला पाहताच ती उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. शुक्रवारी जिथं उभी होती, बरोबर तिथंच.

"आज कशा काय, ताई? महिना कुठं झाला?"

"मिनाला भेटायचंय."

"मिना माहेराला गेली."

"कधी?"

"चार दिवस झाले."

तेवढ्यात आतून बाळ रडलं. कोणीतरी थोपटल्याचा आवाज आला, बाळ गप्प झालं.

"लेकरू इथं आन् माय माहेराला?" पुनमनं विचारलं.

बेबीबाईचा चेहरा बदलला. "आमच्या घरातलं आमी पाहून घेऊ. तुमाला दूध पायजे होतं, दिलं. आता काहून आल्या?"

"ते दूध मिनाचं नव्हतं."

बेबीबाईच्या हातातलं सूप कलंडलं. "कोन म्हनलं?"

"नांदेडच्या मशीननं सांगितलं."

"दुधावर काय नाव लिवलेलं असतंय का?"

"मावशी, प्रत्येकीच्या दुधातल्या साखरा वेगळ्या असतात. मिनाच्या दुधात एक साखर भरपूर आहे. तुमी दिलेल्या दुधात ती न्हाईच." पुनमचा आवाज चढत होता, तिला तो आवरता येत नव्हता. "मिना कुठं हाय? जिती हाय का न्हाई, तेवढं सांगा!"

"तोंड सांभाळ!" बेबीबाई ओरडली. "नीघ आमच्या दारातून. नीघ!"

आतून चंदा बाहेर आली. तिच्या कडेवर मिनाचं बाळ होतं. चंदाचे डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. ती सासूला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. त्यातला 'याडी' एवढाच शब्द पुनमला कळला. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि चंदा सासूला त्याच नावानं हाक मारायची. मग ती मराठीत म्हणाली, "माझं दूध होतं ते, ताई. मिना आत हाय. लई बेजार हाय."

बेबीबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की चंदानं मान खाली घातली. पण ती मागं सरली नाही. पुनम त्या दोघींच्या मधून आत शिरली.

मागच्या खोलीत खिडकी नव्हती. मिना जमिनीवर गोधडीवर पडली होती. ओठ फुटलेले, श्वास कुत्र्याच्या धापेसारखा. पुनमनं मोबाइलचा उजेड टाकला, आणि छातीवरची, ठणका उतरायला बांधलेली एरंडाची पानं हळूच उचलली. उजवा स्तन दगडासारखा टणक झाला होता. कातडी लाल, ताणून चकाकत होती, काखेपर्यंत. ताप मोजला, एकशे चारच्या वर. नाडी मोजताना तिचे आकडे दोनदा चुकले, मग एकशे तीस भरली. अंग भट्टीसारखं आणि तळहात मात्र गार.

"मिना, ए मिना. मी पुनम."

मिनानं डोळे अर्धवट उघडले. कोणाकडं पाहावं ते तिला उमजत नव्हतं. "भैंस सोडली का?" ती म्हणाली. मग काही वेळानं, "पोरगी?"

"चंदाजवळ हाय. पिऊन झोपली."

मिनानं डोळे मिटले.

पुनमनं तिथूनच रुग्णवाहिकेचा १०८ नंबर लावला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन निघालेली होती. यायला सव्वा तास, कदाचित जास्त, असं पलीकडची बाई म्हणाली. पुनम बाहेर पळाली.

"चंदा, तांड्यावर गाडी कोणाची हाय?"

"नेमसिंगकाकाची काळीपिवळी जीप. जेवायला आलेत घरी."

"बोलाव. पळ. आत्ताच्या आत्ता हिंगोलीला न्यायचंय म्हण."

चंदानं बाळ पुनमच्या हातात दिलं आणि ती अनवाणीच पळाली. बेबीबाई मात्र उंबऱ्यात बसली. दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून.

"न्हाई न्यायची," ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "माझी पोर अशीच नेली होती. बाळंतपणानंतर ताप आला, गाडीत घातली, मोठ्या दवाखान्यात नेली. परत आली ती चादरीत गुंडाळून. मी मिनाच्या मायला शब्द दिलाय. हिला माझ्या घरातून तशी जाऊ द्यायची न्हाई."

"मावशी, बाजूला व्हा."

"मला मारून ने."

पुनमच्या हातातलं बाळ जागं होऊन तिच्या ओढणीला तोंड लावत होतं. या बाईला ढकलून देणं अवघड नव्हतं. पण मिनाला उचलायला चार हात लागणार होते, आणि बेबीबाईनं आरडाओरडा करून माणसं जमवली असती तर सगळीच वेळ गेली असती. पुनम तिच्यासमोर खाली बसली.

"तुमच्या पोरीला कितव्या दिवशी नेलं होतं? ताप आल्यापासून?"

बेबीबाईनं तोंड फिरवलं.

"मावशी, सांगा ना. कितव्या दिवशी?"

"घरी लई उपाय केले. पाला बांधला, सगळं केलं." तिनं बोटांवर मोजल्यासारखं केलं. "नवव्या दिवशी नेलं."

"मिनाला ताप येऊन आज कितवा दिवस?"

बेबीबाईची बोटं थांबली. पुन्हा मोजलं. मग ती म्हणाली, "आठवा."



"मी बी चुकले," पुनम म्हणाली. "शुक्रवारी मला आत येऊन पाहायला पायजे होतं. न पाहता सही केली. तवाच नेली असती तर इतकं झालं नसतं. आता आपण दोघी मिळून नेऊ. उठा."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. बेबीबाईनं चौकटीचे हात काढले, जमिनीवर टेकवले आणि ती उठली. "तू पायाकडून धर," ती पुनमला म्हणाली. "डोकं मी धरते."

नेमसिंग वयस्क माणूस होता. त्यानं आत पाहिलं, एक शब्द न बोलता जीपची मागची बाकं वर केली आणि खाली गादी टाकली. गोधडीसकट मिनाला ठेवलं. चंदा दोन्ही लेकरं घेऊन पुढं बसली.

रस्ता खडीचा होता. प्रत्येक खड्ड्याला मिना कण्हायची. पुनम ओल्या फडक्यानं तिचं कपाळ, मान, तळपाय पुसत होती आणि चमच्यानं पाणी ओठांवर सोडत होती. सेनगावच्या अलीकडं मिनाचं कण्हणं बंद झालं.

"झोपली का?" बेबीबाईनं विचारलं.

पुनम मिनावर वाकली. ती मिनाच्या गळ्याशी बोटं ठेवून होती. नाडी लागत होती, सुटत होती. "काका, हिंगोली राहू द्या. सेनगावच्याच दवाखान्यात घ्या," ती ओरडली.

ग्रामीण रुग्णालयाच्या दारातच डॉक्टर भेटल्या. त्यांनी पापणी वर करून पाहिली, रक्तदाब घेतला. वरचा आकडा ऐंशीच्या खाली होता. "किती दिवस झाले?" एवढंच विचारलं. "आठ," बेबीबाईच बोलली. दोन्ही हातांना सलाइन लागलं, इंजेक्शनं गेली. शिरा सापडेनात तेव्हा सिस्टर दोनदा सुई काढून पुन्हा घालत होती आणि पुनम मिनाचा हात घट्ट धरून उभी होती. पाऊण तासानं रक्तदाब नव्वदच्या वर आला. मग डॉक्टरांनी हिंगोलीला फोन करून ठेवला आणि अँब्युलन्स निघाली.

हिंगोलीत दुपारी चारच्या सुमारास मिनाला आत घेतलं. गळू कापून पू काढायचा होता. बेबीबाईला अंगठा द्यायला सांगितलं तेव्हा पुनमनं तिचा हात धरून अंगठा कागदावर टेकवला. दार बंद झालं. बेबीबाई दाराला टेकून खाली बसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

पुनम व्हरांड्याच्या टोकाला गेली आणि तिनं विश्वंभर सरांना फोन लावला.

"सर, मी सकाळी खोटं बोलले. ती बाटली मी समोर भरली न्हाई. तुमचं काही चुकलं न्हाई." मग तिनं सगळं सांगितलं.

सरांनी नंबर टिपून घेतला. मग म्हणाले, "अशा अजून किती बाटल्या आहेत?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. "दोन. नऊ नंबरची दुसरी, आन् चौदाची पहिली."

"लिहून पाठव. मला वर कळवावं लागेल, पुनम. मी झाकून ठेवणार नाही."

"नका झाकू, सर."

"मिना कशी आहे?"

"आत हाय अजून."

"कळव मला. कितीही वाजले तरी कळव."

अर्ध्या तासानं दार उघडलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वाटीभर पू निघाला. शुद्धीवर येतेय. उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही, पण वेळेत आणलीत. बेबीबाईला 'वेळेत' हा शब्द कळला की नाही कोण जाणे. ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "जिती हाय ना? जिती हाय ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मिनाचा ताप शंभरवर आला. तिनं पाणी मागितलं, मग चहा मागितला. सिस्टरनं तिला कुशीवर वळवलं आणि सांगितलं की डाव्या बाजूचं दूध बाळाला चालतं, पाजायला सुरुवात कर, उजव्याचं हातानं काढत राहा. चंदानं बाळ तिच्याजवळ ठेवलं. आठ-दहा दिवस चंदाला सरावलेलं ते लेकरू आधी तोंड फिरवून रडायला लागलं. मिनाचे डोळे भरून आले. चंदा बाळाच्या गालाला बोट लावून त्याला हळूहळू वळवत राहिली, आणि शेवटी त्यानं तोंड लावलं.

चंदा व्हरांड्यात आली. पुनमजवळ बसली. बराच वेळ स्वतःच्या पोराची करगोटी सरळ करत राहिली.

"ताई, तुमी म्हनल्या, माझ्या दुधात ती साखर न्हाई."

"व्हय."

"मंग माझं दूध खराब हाय का? मी मिनाच्या पोरीला पाजलं. तिला काही होईल का? माझ्या पोराला काही होईल का?"

पुनमनं सरांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. चंदाचाच प्रश्न चंदाच्याच शब्दांत विचारला.

"त्यांना सांग," सरांचा आवाज आला, "एक साखर नाही म्हणजे दूध खराब नाही. त्यांच्या दुधात बाकीच्या साखरा आहेत, मी कालच मोजल्यात. त्यातल्या दोन तर मिनापेक्षा जास्त आहेत. अशा पुष्कळ बाया असतात आणि त्यांची लेकरं चांगली वाढतात. पोराचं वजन किती आहे?"

"साडेआठ किलो," चंदा फोनकडं झुकून म्हणाली.

"मग झालं तर."

चंदा हसली नाही. पण तिनं पोराला उचलून घेतलं आणि पदर पुढं ओढला.

पुनमला कार्यालयाचं पत्र चौथ्या दिवशी मिळालं. तीन बाटल्या बाद, आणि पुढचे तीन महिने तिनं एकटीनं नमुने घ्यायचे नाहीत, सोबत दुसरी कार्यकर्ती राहील. तिनं दोनदा वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं आणि ती मिनाच्या वॉर्डाकडं निघाली.

रामप्रसाद त्याच सकाळी येऊन पोचला होता. दवाखान्यातून फोन गेल्यावर दोन गाड्या बदलून आलेला, केसांत भुसा, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. बायांच्या वॉर्डात त्याला लगेच सोडत नव्हते, म्हणून तो दाराबाहेर उभा होता. त्याच्या फोनवर घरून आठ दिवस 'सगळं बराबर हाय' एवढंच येत राहिलं होतं. त्यानं पुनमकडं पाहिलं, चंदाकडं पाहिलं.

"मला कोणी काहून सांगितलं न्हाई?"

चंदानं नजर चुकवली. पुनम काही बोलणार तेवढ्यात भिंतीशी बसलेली बेबीबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू.

"मी लपवलं," ती म्हणाली. "चंदा सांगून राहिली होती, मीच तिचा फोन घेऊन ठेवला. मला वाटलं, नेली का मेली. मी तिला घरात ठेवली आन् दार धरून बसले."

रामप्रसादचा जबडा आवळला गेला. तो आईसमोर तसाच उभा राहिला, हाताच्या मुठी मिटलेल्या. पुनमला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार, जे पुन्हा मागं घेता येणार नाही. बेबीबाईही तसंच समजून उभी होती. तिनं मान खाली घातली नव्हती.

"आता खाते का ती?" त्यानं विचारलं.

"सकाळी अर्धी भाकर खाल्ली. वरन्याच्या शेंगांची भाजी मागून राहिली."

तो खाली बसला. जरा वेळानं बेबीबाईही बसली, त्याच्यापासून हातभर अंतरावर. दोघंही वॉर्डाच्या दाराकडं पाहत राहिले.